ग्लस्टरवरची फाईल ‘गायब’ झाली की आधी ब्रिकवर काय उरलंय ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा: ग्लस्टर-एफएसचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठा साठा दाखवणारी प्रणाली) डिस्ट्रिब्युटेड-रेप्लिकेटेड व्हॉल्यूम, तीन सर्व्हर, रेप्लिका ३ म्हणजे प्रत्येक फाईलच्या तीन प्रती, तीन-तीन ब्रिकचे चार संच म्हणजे १२ ब्रिक (ब्रिक म्हणजे सर्व्हरवरचा साठ्यासाठी दिलेला फोल्डर). जागा कमी पडली म्हणून तीन ब्रिकचा पाचवा संच जोडला, रीबॅलन्स (फायली नव्या संचावरही वाटून देणं) सुरू केला आणि तो चालू असतानाच एक सर्व्हर रीबूट झाला. आता काही फायली एका मशीनवर दिसतात, दुसऱ्यावर नाहीत. काही फोल्डरच्या यादीत, म्हणजे ‘एलएस’मध्ये, येत नाहीत, पण पूर्ण पाथ दिला की उघडतात. काहींवर इनपुट-आउटपुट एरर येते. डीएफमध्ये (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) वापरलेली जागा मात्र जवळपास पूर्वीइतकीच आहे. फायली गेल्या का, आणि आता काय करायचं?

सगळ्यात आधी बॅकअप थांबवा. हो, थांबवा. रात्री आरसिंक (फायलींची दुसरीकडे नक्कल ठेवणारं साधन) ‘डिलीट’ पर्यायासह चालत असेल, तर माउंटवर (मशीनला व्हॉल्यूम जिथे जोडलेला दिसतो तिथे) न दिसणारी प्रत्येक फाईल ‘मूळ ठिकाणी काढून टाकली’ असं समजून तो ती बॅकअपमधूनही पुसेल. अशा वेळी खरं नुकसान बहुतेकदा ग्लस्टर करत नाही, हा आरसिंक करतो. जुन्या फायली साफ करणारे क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), अँटिव्हायरसचा क्वारंटाइन, अ‍ॅप्लिकेशनची ‘फाईल नसेल तर नवी कोरी बनव’ अशी सोय, हेही सगळं बंद ठेवा. शेवटचं सर्वात घातक, कारण त्यातून एकाच नावाच्या दोन वेगळ्या फायली तयार होतात. त्या निस्तरायला लागणारा वेळ बाकी सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त असतो.

‘हील फुल’, ‘रीबॅलन्स फोर्स’, ‘स्टार्ट फोर्स’ या बदल करणाऱ्या कमांडना अजून हात लावू नका. तपासणी पूर्ण होईपर्यंत फक्त वाचायच्या कमांड. खाली कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थात नेहमीसारख्या टाइप करा. व्हॉल्यूमचं नाव ‘डेटाव्हॉल’ धरलं आहे.

आता फाईल ‘नाही’ म्हणजे काय नाही, ते बघू. ग्लस्टरमध्ये वेगळा मेटाडेटा सर्व्हर (कुठली फाईल कुठे आहे याची नोंद ठेवणारा) नसतो. फाईलच्या नावावरून ३२ बिटांचा हॅश, म्हणजे गणिताने ठरणारा एक आकडा, काढला जातो, आणि प्रत्येक फोल्डरने त्या हॅशचे पट्टे संचांमध्ये वाटलेले असतात. हे वाटप फोल्डरच्या ‘ट्रस्टेड.ग्लस्टरएफएस.डीएचटी’ या एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, प्रत्येक ब्रिकवर, लिहिलेलं असतं. (अशी अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे फाईल किंवा फोल्डरला चिकटवलेल्या जादा नोंदी.) शिवाय प्रत्येक फाईलला एक १६ बाइटचा जीएफआयडी (ग्लस्टरमधला तिचा ओळखक्रमांक) मिळतो, आणि ब्रिकच्या मुळाशी असलेल्या ‘.ग्लस्टरएफएस’ या लपलेल्या फोल्डरात त्या जीएफआयडीच्या नावाने त्याच फाईलची हार्डलिंक (त्याच डेटाला दिलेलं दुसरं नाव) असते. जीएफआयडी ३७१४ ने सुरू होत असेल तर ती ‘.ग्लस्टरएफएस/३७/१४/’ मध्ये सापडते. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या हरवू शकतात: फोल्डरातलं नाव, नावापासून योग्य संचापर्यंतची वाट, आणि प्रत्यक्ष डेटा. डीएफ उतरलेला नाही याचा अर्थ तिसरी गोष्ट बहुधा शाबूत आहे. कोणी ब्रिकवर जाऊन थेट ‘आरएम’ केलं तरी जीएफआयडीची हार्डलिंक उरते, डेटा डिस्कवरच राहतो आणि जागा सुटत नाही.

गायब फायलींचा साचा

एका फोल्डरातल्या न दिसणाऱ्या फायलींची यादी करा आणि तिच्याकडे नीट बघा. प्रत्येक फोल्डरातून साधारण सारख्याच प्रमाणात, नावाचा काही संबंध नसल्यासारख्या फायली गेल्या असतील आणि फोल्डर सगळे जागेवर असतील, तर एक अख्खा संच कुठल्या तरी क्लायंटला (व्हॉल्यूम वापरणाऱ्या मशीनला) दिसत नाही. फोल्डर प्रत्येक संचावर असतात, फायली मात्र एकेकाच संचावर. म्हणून असं होतं. यादी वाचताना एकही एरर येत नाही, कारण बंद संच सोडून उरलेल्यांची यादी मुकाट्याने दिली जाते. फक्त ब्रिक जोडल्यानंतर बनलेल्या फायलीच गायब असतील, तर संशय नव्या पाचव्या संचावर. एकाच फोल्डरातून बरंच काही गेलं आणि बाकी ठीक असेल, तर त्या फोल्डरचं वाटप किंवा त्याचा जीएफआयडी बिघडलाय. आणि फोल्डर पूर्ण रिकामा दिसत असेल तर आधी ‘माउंट’ कमांडने खात्री करा की व्हॉल्यूम खरंच माउंट झालाय. रीबूटनंतर नेटवर्क उठण्याआधी माउंट फसतो, आणि अ‍ॅप्लिकेशन आनंदाने रूट डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरात लिहीत बसतं. (यावर साधा उपाय: माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअ‍ॅटर +आय’ लावून ठेवा. मग लिहिणंच फसतं आणि बोंब लगेच कळते.)

एका मशीनवर दिसते, दुसऱ्यावर नाही

इथे डेटाला दोष देण्याआधी जोडण्या तपासा. तिन्ही सर्व्हरवर ‘ग्लस्टर पीअर स्टेटस’, मग

ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस डेटाव्हॉल
ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस डेटाव्हॉल क्लायंट्स

पहिल्यात पंधराही ब्रिकच्या पुढे ऑनलाइन खाली ‘वाय’ हवा. दुसरी कमांड लोक क्वचितच वापरतात, पण उत्तर बहुधा तिच्यातच असतं. प्रत्येक ब्रिकला किती आणि कुठले क्लायंट जोडलेत हे ती दाखवते. जुन्या बारा ब्रिकवर वीस क्लायंट आणि नव्या तिनांवर सोळाच असतील, तर त्या चार मशीनवरच फायली ‘गायब’ आहेत.

कारण सहसा फायरवॉल. फ्यूज क्लायंट (मशीनवर व्हॉल्यूम माउंट करणारा ग्लस्टरचा प्रोग्राम) एकाच सर्व्हरशी बोलत नाही. तो व्हॉल्यूमचा नकाशा २४००७ या पोर्टवरून घेतो आणि मग प्रत्येक ब्रिकशी थेट जोडला जातो. ब्रिकचे पोर्ट ४९१५२ पासून पुढे असतात आणि प्रत्येक ब्रिकला वेगळा पोर्ट लागतो. पूर्वी प्रत्येक सर्व्हरवर चार ब्रिक होते म्हणून कोणी चारच पोर्ट उघडले असतील, तर पाचवा ब्रिक त्या मशीनपासून तुटलेलाच राहतो. आवृत्ती १० पासून पोर्ट क्रमाने न देता त्या टप्प्यातून कुठलाही निवडला जातो, त्यामुळे रीबूटनंतर पोर्ट बदलतो आणि ‘कालपर्यंत चालत होतं’ ही तक्रार येते. उपाय: ग्लस्टरडीच्या (ग्लस्टरच्या व्यवस्थापन प्रक्रियेच्या) कॉन्फिगरेशनमध्ये बेस-पोर्ट आणि मॅक्स-पोर्ट ठरवा आणि तो सगळा टप्पा फायरवॉलमध्ये उघडा.

दुसरं कारण जरा आडवळणाचं आहे. ब्रिक जोडले तेव्हा एखाद्या क्लायंटची २४००७ वरची जोडणी तुटलेली असेल, तर नवा नकाशा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि तो चार संचांच्या जुन्या नकाशावर चालत राहतो. ‘/व्हार/लॉग/ग्लस्टरएफएस’ मध्ये माउंटच्या पाथच्या नावाचा लॉग असतो. त्यात शेवटचा ‘फायनल ग्राफ’ (क्लायंट वापरत असलेला नकाशा) शोधा. त्यात प्रत्येक ब्रिकच्या जोडणीला ‘क्लायंट’ असं नाव असतं आणि क्रमांक शून्यापासून मोजतात, म्हणजे नवे तीन ब्रिक ‘डेटाव्हॉल-क्लायंट-१२’ ते ‘१४’, आणि नवा संच ‘डेटाव्हॉल-रेप्लिकेट-४’. ही नावं त्या ग्राफमध्ये नसतील तर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. पाच संच जाणणारे आणि चारच जाणणारे क्लायंट एकाच वेळी लिहीत राहणं म्हणजे दोन वेगवेगळ्या नकाशांवर एकाच गावात घरं बांधणं. ती अवस्था शक्य तितकी लवकर संपवा.

जोडण्या ठीक असतील तर कॅशचा संशय दूर करा. त्याच मशीनवर दुसरा तात्पुरता माउंट लावा:

माउंट -टी ग्लस्टरएफएस -ओ एन्ट्री-टाइमआउट=०,अ‍ॅट्रिब्यूट-टाइमआउट=०,निगेटिव्ह-टाइमआउट=० सर्व्हर१:/डेटाव्हॉल /मीडिया/तपासणी

या ताज्या माउंटवर फाईल दिसली तर डेटा आणि वाट दोन्ही ठीक आहेत. मग ‘परफॉर्मन्स.एनएल-कॅशे’ आणि ‘परफॉर्मन्स.पॅरलल-रीडडिर’ हे दोन पर्याय चालू आहेत का ते ‘व्हॉल्यूम गेट’ने पाहा. पहिला पर्याय ‘फाईल नाही’ हे उत्तरच लक्षात ठेवतो. दुसरा फोल्डरच्या याद्या एकाच वेळी सगळ्या संचांकडून मागवतो. तपासापुरते दोन्ही बंद करून बघायला हरकत नाही, ते डेटाला हात लावत नाहीत. सांबामधून (विंडोजला फायली वाटून देणारा प्रोग्राम) विंडोज मशीन जोडलेली असतील तर अक्षरांच्या लहान-मोठेपणाचा घोळही बघा: फक्त त्यातच फरक असलेल्या दोन फायलींपैकी विंडोजला एकच मिळते.

रीबूट झालेल्या सर्व्हरचा ब्रिक

त्या सर्व्हरवर ब्रिक ऑनलाइन नसेल तर ‘डीएफ’ने पाहा की ब्रिकची डिस्क माउंट झाली आहे का. ब्रिकच्या मुळाशी ‘ट्रस्टेड.ग्लस्टरएफएस.व्हॉल्यूम-आयडी’ हे अ‍ॅट्रिब्यूट असतं. ते सापडलं नाही तर ब्रिकची प्रक्रिया सुरू होण्यास नकार देते. हा नकार तुमच्या भल्यासाठी आहे. इंटरनेटवर ठिकठिकाणी ‘ते अ‍ॅट्रिब्यूट सेटएफअ‍ॅटरने हाताने लावा’ असा सल्ला सापडतो. डिस्क न माउंट होता तसं केलंत तर ब्रिक रूट डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरात चालू होतो, हीलिंग (मागे पडलेल्या प्रती पूर्ण करणं) रूट डिस्क भरून टाकतं, आणि नंतर खरी डिस्क माउंट केली की मधल्या काळात लिहिलेलं सगळं तिच्याखाली झाकलं जातं. तुमच्याकडे हे आधीच घडलं असेल, तर ब्रिक थांबवा, डिस्क अनमाउंट करा आणि खालच्या फोल्डरात काय पडलंय ते बाजूला कॉपी करून ठेवा. ब्रिक नेहमी माउंट पॉइंटच्या आतल्या उपफोल्डरात करावा, उदाहरणार्थ ‘/ब्रिक्स/बी१/ब्रिक’, याचं कारण हेच. डिस्क नसली की उपफोल्डरच सापडत नाही आणि अपघात टळतो.

एका फाईलचा माग

आता प्रत्यक्ष फाईल. हजारो फायलींचा विचार सोडा, प्रत्येक तक्रारीतली एकेकच फाईल घ्या आणि पंधराही ब्रिकवर तिचा पाथ तपासा. ‘स्टॅट’ (फाईलची माहिती दाखवणारी कमांड), आणि त्यासोबत

गेटएफअ‍ॅटर -डी -एम . -ई हेक्स /ब्रिक्स/बी१/ब्रिक/हिशेब/अहवाल.ओडीएस

हे रूट म्हणून चालवा, नाहीतर ‘ट्रस्टेड’ने सुरू होणारी अ‍ॅट्रिब्यूट दिसतच नाहीत. कागदावर तक्ता मांडा: ब्रिक, आकार, परवानग्या, लिंक-काउंट, जीएफआयडी, एएफआर (प्रती जुळतात का याबद्दलच्या ग्लस्टरच्या नोंदी). हा तक्ता भरला की निदान जवळजवळ आपोआप होतं. माउंटवर फाईल दिसत असेल तर ‘ट्रस्टेड.ग्लस्टरएफएस.पाथइन्फो’ हे आभासी अ‍ॅट्रिब्यूट मागितल्यावर ती कुठल्या ब्रिकवर आहे हे ग्लस्टर स्वतःच सांगतं, पण न दिसणाऱ्या फाईलसाठी पायपीटच करावी लागते.

तक्ता भरताना काही गोष्टींनी घाबरून जाऊ नका. आर्बिटर ब्रिकवर (डेटा न ठेवता फक्त नावं आणि नोंदी ठेवणारा ब्रिक) प्रत्येक फाईल शून्य बाइटचीच असते. शार्डिंग (मोठ्या फायली तुकड्यांत साठवणं) चालू असेल तर मूळ पाथवर फक्त पहिला तुकडा, नेहमीच्या सेटिंगनुसार ६४ एमबीचा, असतो आणि बाकीचे तुकडे ‘.शार्ड’ फोल्डरात जीएफआयडी आणि क्रमांकाच्या नावाने असतात. (‘फाईल कापली गेली’ असं वाटून शार्डिंग बंद करू नका. डेटा असलेल्या व्हॉल्यूमवर ते बंद करणं म्हणजे सगळ्या मोठ्या फायली मोडणं.)

आणि तिसरी गोष्ट म्हणजे शून्य बाइटची, परवानग्यांच्या जागी नुसत्या रेघा आणि शेवटी मोठा ‘टी’ असलेली फाईल. ही पाटी आहे. हॅशनुसार फाईल या संचावर हवी होती, पण प्रत्यक्षात ती दुसरीकडे आहे, एवढंच ती सांगते. कुठे ते ‘ट्रस्टेड.ग्लस्टरएफएस.डीएचटी.लिंकटू’ मध्ये असतं, उदाहरणार्थ ‘डेटाव्हॉल-रेप्लिकेट-२’. फाईलचं नाव बदललं, किंवा ज्या संचावर ती जायला हवी होती तिथे मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली, की अशा पाट्या तयार होतात. फोल्डरची यादी देताना ग्लस्टर पाट्या गाळतो.

तुमची दुसरी तक्रार: यादीत नाही, पाथ दिला की उघडते

रेप्लिकेटेड संचात फोल्डरची यादी तीनपैकी एकाच ब्रिकवरून वाचली जाते. नाव देऊन फाईल शोधली तर मात्र तिन्हींना विचारलं जातं. सर्व्हर बंद असताना बनलेली फाईल परत आलेल्या ब्रिकवर अजून पोहोचली नसेल आणि तुमच्या क्लायंटने यादी नेमकी त्याच ब्रिककडून घेतली, तर फाईल यादीतून गायब असते. शेजारच्या मशीनने दुसरा ब्रिक निवडला असेल तर तिथे ती दिसते. पूर्ण पाथ दिला की तिन्ही ब्रिकवर चौकशी होते, कमी असलेल्या ठिकाणी नाव तयार केलं जातं आणि नंतर एलएसमध्येही ती येऊ लागते.

म्हणून आधी

ग्लस्टर व्हॉल्यूम हील डेटाव्हॉल इन्फो समरी

बघा. दुरुस्ती बाकी असलेल्या नोंदींचा आकडा मोठा असून दर दहा मिनिटांनी उतरत असेल, तर सेल्फ-हील डेमन (मागे पडलेल्या प्रती आपोआप दुरुस्त करणारी प्रक्रिया) आपलं काम करतोय, त्याला करू द्या. त्याची नेहमीची फेरी ६०० सेकंदांची असते. आकडा हलत नसेल तर तिन्ही सर्व्हरवर हील डेमन चालू आहे का आणि तो प्रत्येक ब्रिकशी जोडलेला आहे का ते पाहा. फायरवॉल त्यालाही अडवतो. आकडा शून्य असूनही फाईल एका ब्रिकवर नसेल, तर हीलच्या वहीत नोंदच नाही. डिस्क दुरुस्तीनंतर किंवा कोणी ब्रिकवर हात घातल्यावर असं होतं.

या शेवटच्या स्थितीत लोक माउंटवर ‘फाइंड’ चालवतात आणि काहीच सुधारलं नाही म्हणून हताश होतात. फाइंड यादीवर चालतो. जे नाव यादीतच येत नाही ते त्याला कसं सापडणार? नावं चांगल्या ब्रिकवरून घ्यावी लागतात. त्या ब्रिकच्या फोल्डरात जाऊन ‘.ग्लस्टरएफएस’ वगळून फाइंडने सापेक्ष पाथची यादी काढा. परवानगी नेमकी १००० असलेल्या फायली, म्हणजे पाट्या, गाळा. मग माउंटवर जाऊन त्या यादीतल्या एकेका नावावर ‘स्टॅट’ करा. नावांत स्पेस असतात, मराठी अक्षरं असतात, तेव्हा ओळ जशीच्या तशी वाचणारा लूप लिहा. पाच-पाच लाख फायली असतील तर गर्दीच्या वेळी हे करू नका.

एक मोठा इशारा. ही स्टॅटची फेरी करण्याआधी ज्या फोल्डरात ती नावं आहेत त्याची एएफआर अ‍ॅट्रिब्यूट तपासा. ‘ट्रस्टेड.एएफआर.डेटाव्हॉल-क्लायंट-२’ अशा नावाखाली २४ हेक्स अंक दिसतील. त्यांचे आठ-आठचे तीन गट करा: पहिला डेटा, दुसरा मेटाडेटा, तिसरा एन्ट्री. ०००००००० ०००००००० ०००००००५ असं दोन ब्रिकवर दिसलं, तर ते दोघं क्लायंट-२ ला म्हणताहेत की तुझी नावांची यादी जुनी आहे. आता फाईल फक्त क्लायंट-२ वर असेल आणि उरलेल्या दोघांवर नसेल, तर ग्लस्टरच्या मते ती त्या काळात डिलीट झाली होती, आणि हीलिंग ती उरलेली प्रतही काढून टाकेल. तुम्हाला ती हवी असेल तर आधी ब्रिकवरून व्हॉल्यूमबाहेर कॉपी करा.

रीबॅलन्सने केलेले घोळ

‘ग्लस्टर व्हॉल्यूम रीबॅलन्स डेटाव्हॉल स्टेटस’मध्ये फेल्युअर्स आणि स्किप्डचे रकाने पाहा. स्किप्ड म्हणजे चूक नव्हे. हार्डलिंक असलेल्या किंवा जिथे जायचं तिथे तुलनेने कमी जागा असलेल्या फायली तो मुद्दाम सोडतो. फेल्युअर्स मात्र रीबॅलन्सच्या लॉगमध्ये एकेक शोधून वाचायचे.

रीबूटमुळे मध्येच तुटलेल्या स्थलांतरात दोन खुणा सापडतात. एक, स्रोतावरच्या फाईलला ‘एस’ आणि ‘टी’ असे दोन्ही बिट लागलेले, म्हणजे हलवणं अर्धवट राहिलंय. दोन, पाटी एका संचाकडे बोट दाखवते आणि तिथे फाईल नाही. सर्वसाधारणपणे नावाने चौकशी झाली की ग्लस्टर सगळ्या संचांवर शोधतो, शिळी पाटी काढतो आणि नवी लावतो. पण ‘क्लस्टर.लुकअप-ऑप्टिमाइझ’ चालू असेल आणि फोल्डर संतुलित आहे अशी नोंद चुकून झाली असेल, तर तो सगळीकडे शोधतच नाही, सरळ ‘फाईल नाही’ म्हणतो. एलएसमध्ये दिसते पण उघडत नाही, असं असेल तर हा पर्याय तात्पुरता बंद करून ताज्या माउंटवर पुन्हा पाहा. फरक पडला तर निदान झालं.

क्लायंटच्या लॉगमध्ये एखाद्या फोल्डरबद्दल ‘फाउंड अ‍ॅनॉमलीज’ आणि पुढे ‘होल्स’ किंवा ‘ओव्हरलॅप्स’ शून्याहून जास्त दिसले, तर त्या फोल्डरचं पट्ट्यांचं वाटप फाटलंय. सगळे ब्रिक आणि सगळे क्लायंट जोडलेले असल्याची खात्री झाल्यावरच

ग्लस्टर व्हॉल्यूम रीबॅलन्स डेटाव्हॉल फिक्स-लेआउट स्टार्ट

द्या. यात फायली हलत नाहीत, फक्त वाटप नव्याने लिहिलं जातं. पूर्ण रीबॅलन्स नंतर, शांतपणे.

पाट्या हाताने पुसायची वेळ आलीच तर तीन अटी एकत्र हव्यात: आकार शून्य, परवानगी नेमकी १०००, आणि लिंकटू अ‍ॅट्रिब्यूट हजर. नुसता ‘टी’ पाहून पुसाल तर फसाल. अर्धवट स्थलांतरात आकार असलेल्या, म्हणजे खरा डेटा असलेल्या फायलीवरही लिंकटू राहिलेलं असू शकतं.

तिसरी तक्रार: इनपुट-आउटपुट एरर

एलएसमध्ये त्या नावापुढे प्रश्नचिन्हांची ओळ दिसत असेल तर स्प्लिट-ब्रेन, म्हणजे प्रती एकमेकींशी जुळत नाहीत आणि खरी कुठली ते ग्लस्टरला ठरवता येत नाही. ‘हील डेटाव्हॉल इन्फो स्प्लिट-ब्रेन’ यादी देईल. तक्त्यात दोन शक्यता दिसतील. जीएफआयडी सारखा पण ब्रिक एकमेकांना दोष देत असतील, तर एकाच फाईलच्या दोन आवृत्त्या आहेत. जीएफआयडीच वेगळे असतील, तर एकाच नावाच्या दोन स्वतंत्र फायली. ‘नसेल तर कोरी बनव’वाल्या अ‍ॅप्लिकेशनचं कर्तृत्व बहुधा इथे दिसतं.

दोन्हींत पहिलं पाऊल एकच: प्रत्येक ब्रिकवरची प्रत व्हॉल्यूमबाहेर, ब्रिकचं नाव जोडून, कॉपी करा. मग उघडून बघा, कामाची कुठली ते फाईलचा मालक ठरवेल. त्यानंतर

ग्लस्टर व्हॉल्यूम हील डेटाव्हॉल स्प्लिट-ब्रेन सोर्स-ब्रिक सर्व्हर१:/ब्रिक्स/बी१/ब्रिक /हिशेब/अहवाल.ओडीएस

‘बिगर-फाईल’ आणि ‘लेटेस्ट-एमटाइम’ हे पर्यायही आहेत, पण दुसरा वापरायला नको असं माझं स्पष्ट मत आहे. कोरी बनवलेली फाईल नेहमीच ‘ताजी’ असते. जीएफआयडी वेगळे असतील तर पाथच द्यावा लागतो, जीएफआयडी देऊन चालत नाही. जुन्या आवृत्तीत ही सोय नसेल तर नको असलेल्या ब्रिकवरून फाईल आणि ‘.ग्लस्टरएफएस’मधली तिची हार्डलिंक, दोन्ही काढून माउंटवरून त्या पाथला स्टॅट करा. फक्त फाईल काढून हार्डलिंक विसरलात तर जागाही अडते आणि पुढचा गोंधळही तयार राहतो.

फोल्डरचाच जीएफआयडी संचासंचांत वेगळा निघाला तर सेटएफअ‍ॅटरने तो ‘जुळवून’ टाकण्याचा मोह आवरा. फोल्डरची ‘.ग्लस्टरएफएस’मधली नोंद ही सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद) असते आणि आतल्या प्रत्येक उपफोल्डरची सिमलिंक पालकाच्या जीएफआयडीवरून जाते. एक अंक बदलला की खालचं सगळं झाड लटकतं. चुकीच्या बाजूचा मजकूर बाहेर कॉपी करून माउंटवरून परत घालणं वेळखाऊ आहे, पण सुरक्षित आहे.

नाव कुठेच नाही, जागा मात्र अडलेली

पंधराही ब्रिकवर पाथ नाही, पण डीएफ उतरत नाही, असं असेल तर अनाथ हार्डलिंका शोधा. ब्रिकवरच्या ‘.ग्लस्टरएफएस’मध्ये

फाइंड . -टाइप एफ -लिंक्स १

चालवा. इंडायसेस, चेंजलॉग्ज, अनलिंक हे उपफोल्डर आणि हेल्थ-चेकची फाईल वगळा. निरोगी फाईलचा लिंक-काउंट किमान दोन असतो, एक नाव आणि एक जीएफआयडी. एकच उरला म्हणजे नाव गेलं, डेटा आहे.

नाव परत मिळण्याची वाट बऱ्याचदा फाईलवरच असते. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘ट्रस्टेड.जीएफआयडीटूपाथ’ने सुरू होणारं अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं जातं. त्याची किंमत ‘-ई टेक्स्ट’ने वाचा: पालक फोल्डरचा जीएफआयडी, मग तिरकी रेघ, मग फाईलचं मूळ नाव. पालकाच्या जीएफआयडीवर ‘रीडलिंक’ केलं की फोल्डरचं नाव आणि त्याच्या पालकाचा जीएफआयडी मिळतो. असं वर चढत गेलं की शेवटी ‘सगळी शून्यं आणि टोकाला १’ हा मूळ फोल्डर येतो. पूर्ण पाथ तयार. एक्सएफएस-रिपेअरने (डिस्कवरची फाईल-व्यवस्था दुरुस्त करणारी कमांड) ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये टाकलेल्या फायलींनाही हीच युक्ती लागू पडते.

फाईल ‘सीपी’ने बाहेर काढा आणि माउंटवरून तिच्या जागी ठेवा. ब्रिकमध्ये थेट ‘एमव्ही’ करून ठेवू नका. शिवाय अनाथ लिंक तीनपैकी एकाच ब्रिकवर असेल तर ती रीतसर डिलीट झालेल्या फाईलचा अवशेषही असू शकते, म्हणून सरसकट सगळ्या परत घालण्याआधी मालकाला यादी दाखवा.

ब्रिक काढून टाकण्याचा प्रसंग तुमच्याकडे आला नाही, पण शोधत इथे येणाऱ्या कोणाला उपयोगी पडेल: ‘रिमूव्ह-ब्रिक’ करताना स्टेटसमधले फेल्युअर्स न बघता कमिट केलं, किंवा थेट ‘फोर्स’ दिला, तर न हललेल्या फायली काढलेल्या ब्रिकवर तशाच राहतात. ती डिस्क फॉरमॅट करू नका. ‘.ग्लस्टरएफएस’ आणि पाट्या वगळून, आधीपासून असलेल्या फायलींवर न लिहिणाऱ्या पर्यायासह आरसिंकने माउंटवर आणा.

आवृत्तीबद्दल एवढंच, की रेड हॅटने ग्लस्टर कंपनी २०११ मध्ये घेतली आणि रेड हॅट ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट २०२४ अखेर संपला. तेव्हा ‘विक्रेत्याला फोन करू’ हा पर्याय बहुतेकांना आता नाही, आणि क्लायंट एका आवृत्तीचे, सर्व्हर दुसऱ्या, अशी खिचडी असेल तर ती दुरुस्ती झाल्यावर, दुरुस्ती चालू असताना नव्हे, एकसारखी करा.

सगळं जागेवर आलं असं वाटलं की मोजा. प्रत्येक संचातल्या एका पूर्ण, म्हणजे आर्बिटर नसलेल्या, ब्रिकवर ‘.ग्लस्टरएफएस’, ‘.शार्ड’ आणि पाट्या वगळून फायली मोजा, पाचही बेरजा एकत्र करा आणि माउंटवरच्या फाइंडच्या आकड्याशी ताडा. मोजताना लिहिणं बंद नसेल तर थोडा फरक येईलच. ब्रिकची बेरीज ठळकपणे जास्त असेल तर एकाच फाईलच्या दोन संचांवर दोन प्रती आहेत, किंवा कुठला तरी संच अजून त्या क्लायंटला दिसत नाही. मग थांबवलेला आरसिंक ‘ड्राय-रन’ने चालवा आणि तो काय काय पुसणार आहे ती यादी डोळ्यांखालून घाला. त्या यादीत ओळखीची फाईल दिसली तर तो तसाच बंद ठेवून तिचा तक्ता मांडायला बसा.